अणुभट्टी बिघडली तर बिल कोणाच्या नावावर? बीडवाल्यांना हे गणित ओळखीचं आहे

अणुवीज स्वस्त की महाग, यावरच्या रील्समध्ये प्रति युनिट दर दाखवतात. अपघात झालाच तर पैसे कोण देणार, ते त्यात नसतं. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने ‘शांती’ विधेयक मंजूर करून अणुवीज क्षेत्र खासगी कंपन्यांसाठी उघडलं, त्यात मात्र हे लिहिलंय. मी बीडचा, त्यामुळे वाचताना मला थेट पीकविमाच आठवला.

आधी फुकुशिमा बघू. 11 मार्च 2011 ला भूकंप झाला, तेव्हा चालू अणुभट्ट्या आपोआप बंद झाल्या होत्या. पण चूल विझवली तरी निखारे धगधगतात, तशी बंद अणुभट्टीच्या इंधनातूनही उष्णता निघत राहते. ते थंड ठेवायला पंप लागतात आणि पंपांना वीज. त्सुनामीचं पाणी डिझेल जनरेटरमध्ये शिरलं, वीज गेली आणि तीन अणुभट्ट्यांमधलं इंधन वितळलं.

खरा खर्च त्यानंतरचा. दीड लाखाहून जास्त लोकांना घर सोडावं लागलं. त्या धावपळीत उपचार तुटले, म्हातारी माणसं खचली. फुकुशिमा प्रांतात असे 2,300 हून जास्त मृत्यू ‘आपत्तीशी संबंधित’ म्हणून नोंदले गेले. किरणोत्सर्गामुळे झाला असं सरकारने मान्य केलेला मृत्यू एका कामगाराचा. वितळलेलं सुमारे 880 टन इंधन अजून आतच आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये त्याचा पहिला नमुना बाहेर आला, तो एक ग्रॅमही नव्हता.

जपान सरकारचा 2023 चा अंदाज 23.4 लाख कोटी येन, म्हणजे साधारण 13 लाख कोटी रुपये. आपल्या महावितरणच्या बिलावर ‘वहन आकार’ अशी ओळ असते ना? जपानमध्ये तसल्याच शुल्कातून 2020 पासून भरपाईचा काही भाग वसूल होतोय, 40 वर्षांसाठी. वीज कंपनी बदलली तरी सुटका नाही. अपघातानंतर जन्मलेली पोरंही तो भरणार.

आता आपल्याकडे. ‘शांती’नुसार सर्वात मोठ्या अणुभट्टीच्या चालक कंपनीची जबाबदारी एका अपघातामागे 3,000 कोटींवर थांबते, सर्वात लहानांसाठी 100 कोटींवर. त्यापुढे केंद्र सरकार, म्हणजे आपणच.

ओळखीचं वाटलं? 2020 च्या खरिपात सुरू झालेला ‘बीड पॅटर्न’ असाच होता: भरपाई जमा हप्त्याच्या 110 टक्क्यांपुढे गेली की कंपनी मोकळी, पुढचं राज्य सरकार देणार. पण त्याला उलटी बाजूही होती. चांगल्या वर्षी नफा झाला तर कंपनीने 20 टक्के ठेवून उरलेला सरकारला परत द्यायचा. अणुवीज कंपनीवर नफा परत करायची अशी अट नाही. मला खटकतं ते हेच.

परळीच्या औष्णिक केंद्राची राख बघितलेला माणूस कोळशाची बाजू घेणार नाही, मीही घेत नाही. पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या जैतापूरला 1,650 मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या ठरल्यात. त्या 3,000 कोटींच्याच गटात बसतात. फुकुशिमाचा खर्च त्याच्या चारशे पटींहून जास्त.

शिवाय भोपाळच्या अनुभवानंतर 2010 च्या कायद्यात एक कलम आलं होतं: यंत्र सदोष निघालं तर चालक कंपनी पुरवठादाराकडून पैसे वसूल करू शकेल. ते आता नाही. करारात तसं लिहिलं असेल किंवा कुणी मुद्दाम अपघात घडवला असेल, तरच वसुली. आणि तो करार आपल्याला वाचायला मिळेलच असं नाही.