एल मोसोतेचा पुरावा

मध्य अमेरिकेतल्या एल साल्व्हादोरच्या यादवी युद्धाविषयी बोलताना चांगली शिकलेली माणसंही म्हणतात: सरकार बंडखोरांवर खापर फोडतं, बंडखोर सरकारवर, खरं मधेच कुठंतरी असणार. या बोलण्याला समतोलाचा मान मिळतो. तो त्याला मिळू नये, असं माझं ठाम मत आहे, आणि माझा आधार आहे एल मोसोते.

डिसेंबर 1981 मध्ये मोरासान प्रांतातल्या या गावात आणि आसपासच्या वस्त्यांत सरकारी सैन्याच्या अत्लाकात्ल बटालियनने शेकडो गावकरी मारले. ही तुकडी अमेरिकेने प्रशिक्षण देऊन उभी केली होती. बातमी आधी दिली ती बंडखोरांच्या रेडिओ वेन्सेरेमोसने. 27 जानेवारी 1982 रोजी रेमंड बॉनर यांनी 'न्यू यॉर्क टाइम्स'मध्ये आणि आल्मा गिलेर्मोप्रिएतो यांनी 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये तिथं स्वतः जाऊन आलेले वृत्तांत छापले. दोघांनाही रुफिना आमाया भेटली होती. झुडपांआड लपून ती वाचली होती. नवरा आणि चार मुलं तिने गमावली होती.

पूर्वपक्ष लगेच उभा राहिला. रेडिओ शत्रूचा. वार्ताहरांना तिथं नेलं बंडखोरांनी. बाई राहते बंडखोरांच्या टापूत. मग हा प्रचार नव्हे तर काय? साल्व्हादोरमध्ये मानवी हक्कांची स्थिती सुधारते आहे, असं प्रमाणपत्र अमेरिकेच्या रेगन सरकारने तिथल्या काँग्रेसला त्याच आठवड्यात दिलं. लष्करी मदत त्यावर अवलंबून होती. त्यामुळे या शंकेला वॉशिंग्टनमध्ये आसरा मिळाला.

शंका घेणं गैर नव्हतं. युद्धात गुंतलेल्या पक्षाने दिलेली बातमी कसून तपासलीच पाहिजे. पण इथं तपासण्याऐवजी ती बाजूला सारली गेली. सांगणाऱ्याचा स्वार्थ दिसला की सांगितलेलं खोटं ठरत नाही. स्वार्थ तर सरकारचाही होता, आणि फार मोठा होता. वार्ताहर बंडखोरांसोबत गेले, कारण तो डोंगराळ मुलूख बंडखोरांच्या ताब्यात होता. त्यांनी जळकी घरं आणि प्रेतं डोळ्यांनी पाहिली. अमेरिकन वकिलातीने चौकशीला पाठवलेले दोन अधिकारी मात्र एल मोसोतेपर्यंत पोचलेच नाहीत. त्यांनी त्या भागावरून उड्डाण केलं, सैनिकांच्या सोबतीने निर्वासितांना प्रश्न विचारले आणि परतले. त्या भेटीवरून गेलेल्या अहवालाच्या जोरावर सहाय्यक परराष्ट्रमंत्री थॉमस एंडर्स यांनी फेब्रुवारीत काँग्रेसच्या समितीला सांगितलं की सरकारी फौजांनी पद्धतशीर कत्तल केल्याला पुष्टी देणारा पुरावा नाही. जिथं पाऊलच ठेवलं नाही तिथला पुरावा न मिळणं हे पुरावा नसल्याचं लक्षण मानलं गेलं. सैनिकांसमोर गप्प राहिलेल्या माणसांचं मौनही त्याच पारड्यात टाकलं गेलं.

एंडर्स यांचा दुसरा मुद्दा आकड्यांचा होता: गावची वस्ती तीनशेच्या आसपास, मग सातशे किंवा नऊशे माणसं मेली कशी? वरवर बिनतोड वाटणारा हा हिशेब एकाच गावाचा होता. हत्या ला होया, लोस तोरिलेस, सेर्रो पांदो अशा वाड्यांतही झाल्या होत्या.

मग 1992 मध्ये, शांतता करारानंतर, अर्जेंटिनाच्या न्यायवैद्यक मानवशास्त्रज्ञांनी चर्चलगतच्या पडक्या इमारतीची जमीन उकरली. 143 सांगाडे निघाले. त्यांतले 131 बारा वर्षांखालच्या मुलांचे होते; मुलांचं सरासरी वय सहाच्या आसपास. सोबत 245 काडतुसांची टरफलं मिळाली. 184 टरफलांवरचे शिक्के वाचता आले, आणि ती काडतुसं अमेरिकन सरकारसाठी मिझुरीतल्या लेक सिटीच्या कारखान्यात बनलेली निघाली. किमान 24 बंदुका चालल्या होत्या. चकमकीत सापडून माणसं मेली, हा बचाव त्या खोलीत संपला. सगळ्यांत शेवटी मुलांना मारलं, असं रुफिना दहा वर्षं सांगत होती.

साक्षीचं वजन करायची माझी पद्धत इथूनच येते. सांगणारा कोणाच्या बाजूचा, हे विचारावं, पण तेवढ्यावर थांबू नये. तो तिथं होता का? त्याला ते दिसण्याजोगं होतं का? आणि ज्या पुराव्याला त्याची साक्ष ठाऊकच नाही, जसं हाड, टरफल, शिक्का, तो तिच्याशी जुळतो का? या कसोटीवर दोन बाजू समान उतरल्या नाहीत, तर त्यांना समान ठरवणं हा खोटेपणा आहे.

हीच कसोटी सरकारला दोषी मानणाऱ्या आमच्या बाजूच्या लोकांनाही लागू आहे, आणि ते ती टाळतात तेव्हा मला दुःख होतं. संयुक्त राष्ट्रांच्या सत्य आयोगाने 1993 च्या अहवालात 22,000हून अधिक तक्रारींचा आढावा घेतला. जवळपास 85 टक्के तक्रारींत बोट सरकारी दलं, त्यांचे निमलष्करी साथीदार आणि मृत्युपथकांकडे होतं. सुमारे 5 टक्क्यांत एफएमएलएन या बंडखोर आघाडीकडे. हे आकडे तक्रारींचे आहेत, प्रेतांचे नव्हेत. 'पंच्याऐंशी टक्के खून सरकारचे' असं भाषणात ठोकून देणारा पुराव्याशी तेवढीच गैरवर्तणूक करतो. एफएमएलएनने नगराध्यक्षांच्या हत्या केल्याचंही त्याच अहवालात आहे. ते वाचताना पान उलटायचं नाही. पण पाच टक्के मान्य केल्याने पंच्याऐंशी पुसले जात नाहीत, आणि 'दोघंही सारखेच' हा निष्कर्ष त्यातून कोणत्याच गणिताने निघत नाही.

अहवालानंतर अवघ्या पाच दिवसांत साल्व्हादोरच्या संसदेने सर्वांना माफी देणारा कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने तो 2016 मध्ये रद्द केल्यावर एल मोसोतेचा खटला पुन्हा उभा राहिला. सप्टेंबर 2020 मध्ये लष्करी दप्तर तपासायला न्यायाधीश छावणीच्या दारापर्यंत गेले, पण त्यांना आत सोडलं नाही. ज्यांना सैन्याची बाजू ऐकायची आहे, त्यांनी आधी ते दप्तर उघडण्याची मागणी करावी.