हेल्मेट हवेच, पण टिपरमागे माणूसही हवा



बांधकामावरचे मजूर हेल्मेट घालत नाहीत म्हणून अपघात होतात, असे आपल्या अंकात एका वाचकाने लिहिले आहे. हे अर्धेच खरे. वरून पडणाऱ्या विटेपुढे हेल्मेट कामाचे. मागे येणाऱ्या टिपरपुढे ते काय करणार? २२ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे जालना जिल्ह्यात जाफराबाद तालुक्यात पुलाच्या कामावर टिपरने मजुरांच्या शेडवरच वाळू ओतली. आत झोपलेले पाच जण गेले. त्यांनी झोपेतही हेल्मेट घालायचे होते का?

आमच्या धडगावच्या घाटरस्त्यांच्या कामांवर एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी. मजुराने सरकायचे कुठे? गाडीच्या अगदी मागे वाकलेला माणूस चालकाला आरशात दिसतच नाही. म्हणून गाडी मागे घेताना खाली उतरून इशारा देणारा माणूस हवा, चालू भोंगा हवा, आणि मजुरांचा मुक्काम गाड्यांच्या वाटेपासून दूर हवा. सूचनाही मजुरांच्या पावरी बोलीत द्या. मराठी फलक सगळ्यांना वाचता येत नाही.

कामावर सतत देखरेख ठेवण्याची जबाबदारी १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने मालकावर टाकली होती, मजुरावर नव्हे. अभियंत्यांनी इशारा देणारा माणूस, भोंगा आणि मुक्कामाची जागा पाहिल्याशिवाय ठेकेदाराचे बिल मंजूर करू नये.

– एक वाचक, धडगाव (जि. नंदुरबार)