वरच्या मजल्याचे भाडे, खालच्या घराचे गहाण

पुण्याच्या सहकारनगरातून किंवा नाशिकच्या इंदिरानगरातून फेरी मारली, की बंगल्याच्या बाहेरच्या अंगाने चढलेले जिने दिसतात. खाली मालक, वर स्वयंपाकघर आणि न्हाणीघरासह वेगळे बिऱ्हाड, वेगळा वीजमीटर. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याची धास्ती बाळगून खोल्या कुलपात ठेवणारा हाच मध्यमवर्ग. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली, की सक्षम प्राधिकाऱ्याकडून जागा परत मिळते आणि जागा अडवणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. धास्ती ओसरली. तिची जागा आता एका हिशेबाने घेतली आहे: भाड्यातून हप्ता फिटेल.

हा हिशेब मला फार लंगडा वाटतो. वर बांधायला १५ लाखांचे वाढीव कर्ज ९ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले, तर हप्ता साडेतेरा हजारांच्या घरात जातो. भाडे १४ हजार धरले तरी वर्षातून एक महिना जागा रिकामी राहिली, की आठ हजारांची तूट. पहिल्या हप्त्यातले सव्वाअकरा हजार तर निव्वळ व्याजाचेच. घरपट्टीही वाढते, पुण्यात राहत्या घराला असलेली ४० टक्के सवलत भाड्याच्या भागाला मिळत नाही. आयकरात भाड्यातून दुरुस्तीपोटी ३० टक्के वजावट आहे, हे खरे. पण नव्या करप्रणालीत घराचा तोटा पगारातून किंवा पेन्शनमधून वजा होत नाही.

खरी मेख मात्र आकड्यांत नाही. समजा, खालच्या घराचे कर्ज अजून फिटायचे आहे आणि निवृत्त गृहस्थांनी भविष्य निर्वाह निधीचे पैसे घालून वरचा मजला बांधला. बँकेकडून एक पैसा घेतला नाही, म्हणून तो मजला आपला, अशी त्यांची समजूत. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ७० वेगळे सांगते: करारात उलट काही नसेल, तर गहाण मालमत्तेत पडलेली भरही गहाणातच जाते. म्हणजे आयुष्याची पुंजी आपण होऊन तारणात टाकली! नगररचनेचा नकाशा मंजूर करून घेणारे लोकही बँकेला पत्र लिहायला विसरतात. कर्जकराराच्या बारीक अक्षरांत बांधकामाला आणि भाड्याने देण्याला पूर्वसंमतीची अट बहुधा असतेच.

आणि वर राहणारा? त्याचा विचार या साऱ्या हिशेबात कोणीच करीत नाही. लायसन्स ही केवळ वापराची परवानगी. १८८२ च्या सुखाधिकार कायद्यानुसार जागा विकली गेली, तर नवा मालक तिला बांधील नसतो. हप्ता ९० दिवस थकला, की कर्ज अनुत्पादक ठरते. २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस निघते आणि पुढे ताबा. दरमहा चोख भाडे भरणाऱ्या वरच्या जोडप्याला हे कळते ते दारावर नोटीस चिकटल्यावर. अनामत मागायची ती कोणाकडे? ज्याचे घर गेले, त्याच्याकडे.

अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. नोंदणी सक्तीची आहे आणि तिची जबाबदारी मालकावर आहे. मग त्याच नमुन्यात ‘जागा गहाण आहे काय, कोणाकडे, त्यांची संमती आहे काय’ अशा दोन ओळी सक्तीच्या करायला काय हरकत आहे? घरमालक संघटना यावर कुरकुर करतील, करोत. कागदपत्रे ठेवून गहाण टाकल्याची सूचना २०१३ पासून दुय्यम निबंधकाकडे दाखल करावी लागते. माहिती सरकारच्या एका दप्तरात आहेच. ती भाडेकराराच्या दुसऱ्या दप्तरात आणायची आहे, एवढेच.