एकक म्हणजे उत्तराचे शेपूट नव्हे

रसायनशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत आकडा बरोबर असला, पण त्यापुढे एकक लिहिलेले नसले, की अर्धा गुण जातो. विद्यार्थ्याला वाटते, शिक्षक फार काटेकोर आहेत. शिक्षकांना वाटते, अर्धा गुण कापला म्हणजे शिस्त लागली. माझे मत असे, की या अर्ध्या गुणाने फायद्यापेक्षा तोटाच अधिक केला आहे. एकक म्हणजे गणित संपल्यावर उत्तराला जोडावयाचे शेपूट, अशी समजूत त्यामुळे होऊन बसते. वास्तविक एककाची खरी गरज पहिल्या ओळीपासून असते.

एक साधे उदाहरण घेऊ. प्रयोगशाळेत सोडियम हायड्रॉक्साइडचे २५० मिलिलिटर द्रावण करावयाचे आहे. दर लिटरला ०.१ मोल हे त्याचे प्रमाण. एक मोल सोडियम हायड्रॉक्साइड म्हणजे ४० ग्रॅम. तर किती ग्रॅम घ्यावे? येथे बहुतेकांचे गाडे एकाच ठिकाणी अडते : मिलिलिटरचे लिटर करताना हजाराने गुणायचे की भागायचे? अंदाजाने गुणणारा विद्यार्थी २५० × १००० × ०.१ × ४० असे मांडतो, १०,००,००० हे उत्तर काढतो आणि पुढे मुकाट्याने ‘ग्रॅम’ लिहितो. एकक लिहिण्याचा नियम त्याने पाळलेला आहे! परंतु दहा लक्ष ग्रॅम म्हणजे एक टन. पाव लिटर द्रावणात टनभर सोडियम हायड्रॉक्साइड बसविण्याचा हा बेत झाला.

आता प्रत्येक आकड्याबरोबर त्याचे एकक लिहा :

२५० मिलिलिटर × (१ लिटर / १००० मिलिलिटर) × (०.१ मोल / १ लिटर) × (४० ग्रॅम / १ मोल) = १ ग्रॅम

पहिल्या कंसात अंश आणि छेद ही एकाच आकारमानाची दोन नावे आहेत. म्हणून त्या कंसाची किंमत १ आहे, आणि १ ने गुणल्यास राशी बदलत नाही, फक्त तिचा पोशाख बदलतो. पुढील दोन कंस म्हणजे या द्रावणाविषयीची व या पदार्थाविषयीची माहिती. मिलिलिटर, लिटर आणि मोल ही एकके अंशात व छेदात असल्यामुळे कटतात. उरतात ते ग्रॅम, म्हणजे हवे तेच. पहिला कंस चुकून उलटा लिहिला, तर ग्रॅमबरोबर मिलिलिटरचा वर्ग भागिले लिटरचा वर्ग असे काहीतरी विचित्र शिल्लक राहते आणि चूक आपणहून समोर येते. गुणायचे की भागायचे, हे पाठ करण्याची गरजच उरत नाही.

कनिष्ठ महाविद्यालयात गेल्यावर आणखी एक कोडे पडते. रसायनशास्त्राच्या तासाला वायुस्थिरांक ०.०८२१ असतो आणि पदार्थविज्ञानाच्या तासाला ८.३१४. यांतला खरा कोणता? दोन्ही खरे. १०० ग्रॅम सोने जुन्या ११.६६ ग्रॅमच्या तोळ्याने तोलले, तर सुमारे साडेआठ तोळे भरते; आकडा लहान झाला म्हणून सोने कमी होत नाही. येथेही तसेच आहे. पहिला आकडा लिटर-अ‍ॅटमॉस्फिअरमध्ये आहे, दुसरा ज्यूलमध्ये. दोन्ही दर मोलला, दर केल्विनला. एक लिटर म्हणजे घनमीटरचा हजारावा भाग, एक अ‍ॅटमॉस्फिअर म्हणजे १,०१,३२५ पास्कल. म्हणून एक लिटर-अ‍ॅटमॉस्फिअर म्हणजे १०१.३२५ ज्यूल. त्याने ०.०८२०६ ला गुणून पाहा, ८.३१ मिळतील.

वहीतील चूक खोडता येते. वहीबाहेर तसे नसते. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानात इंधन भरावयाचे होते. गरज २२,३०० किलोग्रॅमची होती आणि टाक्यांत ७,६८२ लिटर शिल्लक होते. लिटरवरून वस्तुमान काढण्यासाठी घनता म्हणून १.७७ हा आकडा वापरला गेला. गुणाकार १३,५९७ आला आणि तो बिनचूकही होता. मात्र १.७७ हे दर लिटरला पौंड होते. किलोग्रॅम हवे तर तेथे सुमारे ०.८० हवे होते. विमान गरजेच्या निम्म्याहून कमी इंधन घेऊन उडाले आणि सुमारे ४१,००० फूट उंचीवर असताना इंधन संपू लागले. वैमानिक रॉबर्ट पिअर्सन यांना ग्लायडर चालविण्याचा अनुभव होता. त्यांनी इंजिने बंद पडलेले ते विमान गिमली येथील जुन्या हवाई तळावर उतरविले, म्हणून त्यातील सर्व ६९ जण वाचले.

काही शिक्षक म्हणतील, प्रत्येक ओळीत एकके लिहिण्यात वेळ जातो. जातो खरा, पण ‘गुणायचे की भागायचे’ या घोळात आणि चुकलेले गणित पुन्हा करण्यात त्याहून अधिक जातो. ही पद्धत सर्व चुका पकडते असेही नाही. सेल्सिअसचे केल्विन करताना गुणावयाचे नसून २७३.१५ मिळवावे लागतात, हे समजूनच घ्यावे लागते.

तरीही शिक्षकांना माझी विनंती आहे, की तो अर्धा गुण शेवटच्या ओळीतून काढून मांडणीला द्यावा. मधल्या पायऱ्यांत एकके लिहिली असतील तर तो मिळावा, केवळ शेवटी ‘ग्रॅम’ लिहिले म्हणून नव्हे. आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही गुणांची वाट पाहू नका. आपल्या वहीतले सोडविलेले एखादे गणित आजच काढा, प्रत्येक आकड्यापुढे त्याचे एकक लिहा आणि शेवटी काय उरते ते पाहा.