कुलपातली दोन पुस्तके



आपल्या वाचनालय समितीने ‘मित्राची गोष्ट’ आणि ‘कोबाल्ट ब्लू’ उघड्या कपाटातून उचलून कार्यालयात कुलपात ठेवली आहेत. कारण काय, तर ‘मुलांवर वाईट परिणाम होतो’. तेंडुलकरांचे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले. मुलीवर जीव जडलेली त्यातली सुमित्रा तेव्हाच्या प्रेक्षकांनी पाहिली, आणि आज आपण तिला घाबरतो! तेही बडोद्यात, जिथे सयाजीरावांनी गावोगावी वाचनालये काढली.

मी बँकेत कारकून आहे. मध्यंतरी एक मराठी तरुण काउंटरवर आला. सोबत राहणाऱ्या जोडीदाराला नॉमिनी करता येईल का, असे हळूच विचारत होता. येते. तशी बंदी कधीच नव्हती; ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने संयुक्त खाते आणि नॉमिनी या दोन्हींबद्दल तसा खुलासाही केला. पण मला लागले ते वेगळेच. सगळे मराठीत बोलला, स्वतःबद्दलचा शब्द तेवढा इंग्रजीत. ‘समलिंगी’ हा शब्द त्याने वाचावा तरी कुठे? मराठी टिकवा म्हणून दरवर्षी ठराव करणारे आपणच ना?

प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालापासून गुन्हा नाहीत. मग पुस्तके कोणत्या कलमाखाली कोठडीत?

दोन्ही पुस्तके परत कपाटात लावावीत आणि बिंदुमाधव खिरे यांचे ‘पार्टनर’ विकत घ्यावे, असा ठराव मी येत्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहे. खर्च समितीच्या चहापाण्याहून कमीच होईल. अनुमोदक हवा आहे.