सज्जातील शेगडी आणि शासनाची मर्यादा

दिल्ली, गुडगाव, नोएडा येथील बहुमजली वसाहतींत हिवाळा आला की सज्जांतून बार्बेक्यूच्या शेगड्या पेटतात. हौसेला विरोध करण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच, की या विस्तवाची जबाबदारी कोणाची?

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवेचा समावेश नगरपालिकांच्या विषयांत आहे. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेच्या चौथ्या भागात आगीपासूनच्या सुरक्षेचा तपशीलवार विचार केलेला आहे. परंतु ही संहिता शिफारसवजा आहे. राज्यांनी वा स्थानिक संस्थांनी आपल्या नियमांत स्वीकारल्यावरच ती बंधनकारक होते. आणि प्रत्येक सज्जात निरीक्षक उभा करणे शक्य नाही, इष्टही नाही.

अर्थशास्त्रात ज्याला बाह्य परिणाम म्हणतात, त्याचे हे चपखल उदाहरण होय. आनंद एका घराचा, ठिणगी मात्र शेजारच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. पिगू यांनी १९२० मध्ये अशा परिणामांवर कराचा उपाय सुचविला. कोस यांनी १९६० मध्ये दाखविले की वाटाघाटींचा खर्च नगण्य असेल, तर संबंधित आपसांतही तोडगा काढू शकतात. रहिवासी संघ ही त्यासाठी योग्य जागा आहे. सज्जात कोळसा पेटविण्यास मनाई. त्या बदल्यात आवारात इमारतीपासून दूर मोकळी जागा, वाळूची बादली आणि पाण्याचा नळ, एवढा ठराव पुरेसा आहे.

अधिक घातक वेळ मेजवानीनंतरची. उरलेले निखारे ऊब म्हणून खोलीत आणले जातात. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्टपणे जोडला जातो. झोपलेल्याला जाग येत नाही आणि धुराची सूचना देणारे साधे यंत्रही तो ओळखत नाही. उत्तर भारतात बंद खोलीतील अंगीठीमुळे मृत्यू झाल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. त्यांत मजूर, चालक, चौकीदार अनेकदा असतात.

म्हणून ठरावात आणखी एक कलम हवे: चौकीदाराच्या खोलीत विजेचा हीटर आणि उघडी राहणारी झडप. त्याची अंगीठी काढून घ्यावयाची आणि त्याला थंडीत तसेच ठेवावयाचे, असा नियम पहिल्याच रात्री मोडला जाईल. या कामासाठी मंत्रालयाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याची गरज नाही. डिसेंबरपूर्वीच्या सभेच्या विषयपत्रिकेत ते घ्यावे.