मनाच्या वैद्यालाही सनद हवी!

"त्याला येरवड्याला पाठवा," ही थट्टा महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी या गावांच्या नावांनाही तेथील मनोरुग्णालयांमुळे तोच डाग लागला. ज्या घरात मधुमेहाची गोळी पाहुण्यांदेखत घेतली जाते, त्याच घरात खिन्नतेची वा भीतीची गोष्ट मात्र दाराआड राहते. अशा समाजातील तरुण मुलेमुली आज मोबाईलच्या पडद्यावर समुपदेशकापुढे मन मोकळे करू लागली आहेत. या बदलाचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो.

ही सोय म्हणजे श्रीमंतांची चैन, असे कोणी समजू नये. बंगळूरच्या 'निम्हान्स' संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत पाहणी केली, तेव्हा प्रौढांपैकी शेकडा १०.६ जणांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. आणि विकारपरत्वे शेकडा ७० ते ९२ रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञही ज्या देशात पुरता भरत नाही, तेथे गडचिरोलीच्या वा नंदुरबारच्या रुग्णाने जावे कोठे? १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने 'टेली-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी-सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. हे पाऊल योग्य दिशेचे आहे, यात शंका नाही.

परंतु सरकारी सेवेच्या शेजारी खाजगी बाजारही उभा राहिला आहे, आणि खरा प्रश्न तेथे आहे. पडद्यापलीकडे बसलेला माणूस कोण? वकिलाला सनद लागते; औषधविक्रेत्याला परवाना दुकानात लावावा लागतो. दुरून सल्ला देणाऱ्या डॉक्टरने आपला नोंदणी-क्रमांक रुग्णाला दाखविलाच पाहिजे, असे मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. समुपदेशकाचे काय? व्यवहारात त्याला अल्पमुदतीच्या एखाद्या वर्गाचे प्रशस्तिपत्र, एक हसरे छायाचित्र आणि तासाचा दर एवढ्या भांडवलावर दुकान मांडता येते!

कायदा नाही, असे मात्र नव्हे. २०२१ साली संसदेने आरोग्यसंलग्न व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि समुपदेशकांनाही त्याच्या कक्षेत आणले. राज्यांनी परिषदा स्थापाव्यात आणि नोंदवह्या ठेवाव्यात, अशी योजना त्यात आहे. पण तीन वर्षे उलटली तरी काम अडलेलेच, म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्र व राज्ये यांना मुदत घालून द्यावी लागली. संसदेने केलेला कायदा अमलात आणण्यासाठी न्यायालयाने छडी उगारावी, ही गोष्ट कोणत्याही सरकारला भूषणावह नाही.

परवाना मिळाला म्हणजे सारे भागले, असेही नाही. अमेरिकेत समुपदेशकाला राज्याचा परवाना घ्यावाच लागतो. तरीही 'बेटरहेल्प' या तेथील बड्या ऑनलाइन कंपनीने ग्राहकांचे ई-मेल पत्ते आणि प्रश्नावलीतील आरोग्यविषयक माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट आदी कंपन्यांना पुरविली, असा ठपका फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ साली ठेवला. कंपनीने दोष कबूल न करता ७८ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटविले. समुपदेशक सनदशीर होते. मधला दलाल मात्र बेभरवशाचा निघाला! आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची डिजिटल स्वरूपातील माहितीही गोपनीय ठरविली आहे. हे कलम कागदावर निजून राहता कामा नये.

म्हणून आमची मागणी साधी आहे. समुपदेशकांची नोंदवही सर्वांना पाहता येईल अशी, आणि महाराष्ट्रापुरती तरी मराठीत, खुली व्हावी. नोंदणी-क्रमांक दाखविल्यावाचून कोणालाही शुल्क घेता येऊ नये. तक्रार कोठे करावयाची, हे पहिल्या भेटीपूर्वीच ग्राहकाला कळावे.

तोवर सुज्ञ वाचकांनी स्वतः सावध राहावे. समुपदेशकाला त्याचे शिक्षण आणि नोंदणी विचारावी. आपले बोलणे कोठे साठविले जाते, हे विचारावे. आणि जिवावर बेतण्याची वेळ आली तर तो काय व्यवस्था करणार, हेही विचारावे. या प्रश्नांचा खऱ्या तज्ज्ञाला राग येत नाही. ज्याला येतो, त्याच्यापुढून उठून जावे. पण मदत मागणे मात्र थांबवू नये. लाज झुगारून या मुलांनी पहिले पाऊल टाकले आहे. त्यांचा विश्वास भामट्यांच्या हाती पडू न देणे, हे आता सरकारचे काम आहे.